क्रमशः कथेवर कमेंट कशी लिहायची? "लवकर टाका" च्या पुढं जाऊन

मागच्या पावसाळ्यात मी खानापूर तालुक्यातल्या एका मुलीची क्रमशः कथा वाचत होतो. जांबोटीकडचं एक घर, सासू, सून आणि मधे एक फारसं न बोलणारा दीर. दर शनिवारी रात्री भाग यायचा आणि मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतली सेकंड शिफ्ट संपवून घरी आलो की जेवायच्या आधी तो वाचायचो. सात भाग आले. सातही भागांखाली माझी कमेंट होती आणि सातही वेळा थोड्याफार फरकानं एकच, "मस्त, पुढचा भाग लवकर टाका." आठवा भाग काही आला नाही. महिनाभर वाट बघून मी मेसेज केला, ताई थांबलात का, तर तिचं उत्तर आलं, "दादा, कुणाला काय आवडायलंय तेच कळत नव्हतं. सगळे लवकर टाका म्हणतात, पण मी काय टाकू?"

हे वाक्य डोक्यातून जाईना. मी कामाला आहे तिथं मशीनिंग झालेले कास्टिंग तपासायचं काम करतो. एखादा पीस रिजेक्ट करायचा असला तर नुसतं "रिजेक्ट" म्हणून फेकता येत नाही, ब्लोहोल, म्हणजे ओतताना हवेनं पडलेलं भोक, कुठं आहे तिथं खडूनं गोल करून दाखवावं लागतं, नाहीतर फाउंड्रीवाला विचारणारच की काय झालं म्हणून. आणि पीस चांगला असला तरी कुठलं माप बरोबर बसलंय ते रिपोर्टमधे लिहितोच. दिवसभर हेच करणारा मी, त्या मुलीच्या सात भागांवर एकदापण खडू उचलला नव्हता. त्यानंतर मी कमेंट लिहायची पद्धतच बदलली, ती इथं सविस्तर लिहायलोय, कुणाला उपयोगी पडली तर पडू दे.

आपल्या सीमाभागात याची गरज जास्त आहे असं मला मनापासून वाटतं. १९४६ ला बेळगावात माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन झालं ते सगळ्यांना माहीत असतं, आजपण उचगाव, कडोली, येळ्ळूर, तिकडं निपाणीजवळ कारदगा, अशा गावागावांत मराठी संमेलनं भरतात, मांडव भरून माणसं येतात. पण रात्री अकराला पोरं झोपल्यावर मोबाईलवर अंगठ्यानं कथा टाईप करणारी बाई त्या मांडवापर्यंत पोचत नाही. बऱ्याच जणांची शाळा कन्नड नाहीतर इंग्लिश मीडियमची, घरात मराठी बोलतात पण मराठी लिहिलेलं दाखवायला जवळ कुणी सर नाहीत, मॅडम नाहीत, संपादक तर लांबच. अशा माणसाला कोण सांगणार की हे जमलंय आणि हे नाही? खाली कमेंट करणारे आपणच.

माझं म्हणणं एवढंच आहे की वाचताना तुमचं काय झालं ते सांगा, कथेत पुढं काय व्हावं ते लिहिणाऱ्यावर सोडा. खालचं सगळं यातूनच आलंय.

पायरी १: कमेंट वाचतानाच सुरू होते

पहिली गोष्ट, भाग १ पासून वाचा. नोटिफिकेशन आलं किंवा कुणी ग्रुपवर लिंक टाकली म्हणून थेट भाग १२ उघडायचा आणि खाली "ही सुमन कोण?" विचारायचं, असं करू नका, लिहिणाऱ्याला वाटतं आपणच सुमनची ओळख नीट करून दिली नाही आणि तो पुढच्या भागात परत सगळं सांगत बसतो, मग बाकीचे वाचक कंटाळतात. वर लेखकानं दोन ओळींची सूचना दिलेली असते, पहिलाच प्रयत्न आहे, चुका सांगा, किंवा ही कथा एकूण वीस भागांची आहे, तीपण वाचा, कारण वीसपैकी तिसऱ्या भागात "काहीच घडलं नाही" म्हणणं आणि पाचपैकी तिसऱ्या भागात म्हणणं यात फरक आहे.

मग भाग एकदा सलग वाचून काढा, तपासणी वगैरे काही करायची नाही, वाचक म्हणून वाचा. दुसऱ्यांदा भराभर स्क्रोल करा आणि बघा की कुठं वाचायचा स्पीड वाढला, कुठं वर जाऊन परत वाचावं लागलं, कुठं फोन खाली ठेवून दुसरंच काहीतरी करायला गेलात, आणि कुठं घशात काहीतरी आलं. काही ठिकाणी मजकूर कॉपी होत नाही तिथं स्क्रीनशॉट काढायचा. मी व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज करतो, तिथं ती ओळ आणि पुढं एखादा शब्द, "हसलो", "कळलं नाही", "इथं आई आठवली". बास. दोन मिनिटांचं काम, पण याच्याशिवाय कमेंट लिहायला बसलं की परत "मस्त"च हातातून येतं, कारण डोक्यात फक्त एकूण चव राहिलेली असते, ओळ गेलेली असते.

पायरी २: लिहायचं काय

त्याच मुलीच्या चौथ्या भागावर मी तेव्हा लिहिलं होतं, "खूप छान भाग. पुभाप्र." पुभाप्र म्हणजे पुढील भागाच्या प्रतीक्षेत, ऑनलाईन मराठी वाचणाऱ्यांना माहीतच आहे. ती थांबल्यावर मी परत तोच भाग उघडला आणि नवीन कमेंट लिहिली ती अशी:

"दिरानं तिची ओली छत्री दारातून उचलून चुलीजवळ नेऊन ठेवली तिथं मी थांबलो. तोंडातून एक शब्द नाही, पण त्याला तिची काळजी आहे हे कळलं. दुसऱ्या भागात तो ताटावरून उठून गेला तेव्हा मला तो तुसडा वाटलेला, आता मत बदललं. मधे सासूच्या माहेरची माणसं आली तिथं एकदम सहा-सात नावं आली आणि माझा गोंधळ झाला, कोण मामा आणि कोण काका ते बघायला वर जावं लागलं. छत्री ठेवताना सासूनं बघितलं का? पुभाप्र."

यात मी काही मोठं समीक्षण केलेलं नाही, मला ते येतपण नाही. एक नेमकी जागा दाखवली. त्या जागेमुळं एका पात्राबद्दलचं माझं मत कसं बदललं ते सांगितलं, आणि हे क्रमशः कथेत फार महत्त्वाचं आहे कारण लिहिणाऱ्याला कळतं की दुसऱ्या भागात पेरलेलं चौथ्या भागात उगवलं. एक अडचण सांगितली, पण "नावं कमी करा" असा हुकूम सोडला नाही, माझा गोंधळ झाला एवढंच म्हटलं, उपाय तिचा ती काढेल, नावं कमी करेल नाहीतर प्रत्येकाला एकेक खूण देईल. आणि शेवटी प्रश्न विचारला, तोपण कथेत जे आहे त्याच्याबद्दल. नंतर ती म्हणाली की छत्रीचं वाक्य तिनं पोस्ट करायच्या आधी जवळजवळ काढून टाकलं होतं, वाटलं की फालतू आहे, कोण लक्ष देतंय. म्हणजे बघा, कथेतली सगळ्यात चांगली जागा कुठली ते लिहिणाऱ्याला स्वतःला माहीत नव्हतं आणि आम्ही एवढ्या जणांनी "छान छान" म्हणून तिला ते कळू दिलं नाही.

पाच-सहा वाक्यं पुरतात. दर भागाला एवढं लिहायला जमणार नाही हे मान्य, मलापण नाही जमत, तेव्हा नुसती एक ओळ लिहा, पण ती त्या भागातलीच असू दे, "छत्रीचं आवडलं" एवढं दोन शब्दांतपण होतं. जी कमेंट कुठल्याही कथेच्या कुठल्याही भागाखाली चिकटवता येते तिचा लिहिणाऱ्याला उपयोग नाही. मराठी टाईप करायला त्रास होत असेल तर गूगलच्या कीबोर्डला मराठीत बोलून लिहायची सोय आहे, माईक दाबून बोला आणि मग एकदा वाचून दुरुस्त करा, माझी आई असंच करते.

पायरी ३: माहितीची चूक दिसली तर

एका थरारकथेत खून करून पोतं खानापूरच्या पुलावरून मलप्रभेत टाकलेलं होतं आणि ते पुढच्या भागात गोव्यात सापडलं. आता मलप्रभा कणकुंबीला उगम पावते हे खरं, गोवा तिथून जवळ हेही खरं, पण नदी वाहते पूर्वेला आणि कूडलसंगमला कृष्णेला मिळते, पोतं बागलकोट जिल्ह्यात पोचेल, गोव्यात कसं जाईल? गोव्याकडं जाते ती म्हादई, तीपण आपल्या खानापूर तालुक्यातलीच. यावर एकानं कमेंट केली, "आधी भूगोल शिका मग लिहा." दुसऱ्या एका ताईंनी लिहिलं, "माझं माहेर कणकुंबीचं आहे म्हणून लक्षात आलं, मलप्रभा पूर्वेला जाते. म्हादई केलीत आणि जागा थोडी जंगलात नेलीत तर पोतं बरोबर गोव्यात जाईल आणि पुढचं काही बदलावं लागणार नाही." दोघांचा मुद्दा एकच, पण पहिल्याला लेखकानं उत्तर दिलं नाही आणि दुसऱ्यांचं वाचून त्याच संध्याकाळी त्यानं भाग दुरुस्त केला, खाली आभारपण मानले.

तर चूक सांगताना तुम्हाला ते कसं माहीत ते सांगा, जमलं तर कथेला धक्का न लागता दुरुस्ती कशी होईल तेपण सांगा, आणि एकदाच सांगा. खाली आधीच कुणी लिहिलेलं असेल तर तुम्ही परत लिहू नका. निपाणीच्या तंबाखू आंदोलनावर कुणी कथा लिहिली आणि साल चुकलं तर १९८१, शरद जोशींचं आंदोलन, एवढं लिहिलं की झालं, त्यावर आपलं अर्धं पान इतिहास लिहायची जागा ती नव्हे. आणि कथेत चालणारी गोष्ट चूक म्हणून दाखवू नका, लेखकानं गावाचं नाव मुद्दाम काल्पनिक ठेवलं असेल तर "असं गाव हुक्केरी तालुक्यात नाही" म्हणण्यात काय अर्थ आहे.

पायरी ४: शुद्धलेखन आणि आपली बोली

या पायरीवर मला जरा जास्त बोलायचंय कारण सीमाभागातली माणसं इथंच घायाळ होतात.

ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं असतं, ण चा न झालेला असतो, ळ चा ल, खरं आहे. ज्याची सगळी शाळा कन्नडमधे झाली त्याला "पाणी" आणि "पानी" कानाला बरोबर कळतं पण हात चुकतो. अशा चुका सगळ्यांसमोर एकेक करून मोजू नका. मेसेज करायची सोय असेल तर तिथं द्या, नसेल तर कमेंटमधे शेवटी एक ओळ, "दोन-तीन ठिकाणी टायपिंग राहिलंय, हवं तर यादी देतो," आणि हो म्हटलं तरच यादी. आणि सगळ्या चुका एका वेळी नको, जी परत परत होते ती एक सांगा, पुढच्या भागात ती सुधारली की तेपण बोलून दाखवा.

पण बोली म्हणजे चूक नव्हे. एका कथेत आजी नातवाला म्हणते, "चिरमुरे खायलास काय रे?" त्याच्याखाली एकानं लिहिलं की चिरमुरे नव्हे कुरमुरे, आणि "खायलास" असा शब्द मराठीत नाही, "खातोयस" म्हणा. अहो, मुंबईत कुरमुरे म्हणतात, पुण्यात चुरमुरे म्हणतात, आमच्याकडं बेळगाव-निपाणीला चिरमुरेच. आणि इथली आजी "खायलास"च म्हणणार, ती "खातोयस" म्हणाली तर ती दूरदर्शनवरची आजी वाटेल. लिहिणाऱ्यानं घाबरून पुढच्या भागात आजीच्या तोंडी एकदम पुस्तकी मराठी घातली, वाचताना माझा जीव कळवळला, कारण आजीच गेली त्यातून. तुम्ही बाहेरचे असाल आणि शब्द अडला तर विचारा, "अव्वा म्हणजे कोण? आजी का?" हा चांगला प्रश्न आहे, त्यानं लिहिणाऱ्याला कळतं की पहिल्यांदा शब्द येतो तिथं आजूबाजूला थोडा अंदाज द्यायला पाहिजे. आणि तुम्ही इथलेच असाल तर अशा ठिकाणी तोंड उघडा, "आमच्या घरात असंच बोलतात" एवढं एक वाक्य त्या लिहिणाऱ्याला हजार लाईकपेक्षा जास्त बळ देतं. पात्रानं वाक्याच्या मधेच कन्नड बोललं तरी तसंच, बाजारात आपण तसंच बोलतो की रोज.

निवेदन एका मराठीत आणि संवाद दुसऱ्या मराठीत, यात काही गैर नाही. हां, निवेदनच एका परिच्छेदात पुस्तकी आणि दुसऱ्यात बोलीतलं असं उगाच हेलकावे खात असेल तर मात्र जरूर सांगा.

पायरी ५: काय लिहू नका

टोपणनावानं लिहिणारी व्यक्ती ओळखली तरी नाव फोडू नका. आपली गावं लहान. कथेतल्या विहिरीवरून, गल्लीतल्या देवळावरून लगेच कळतं की ही तर आपल्या शहापूरची, हिचा नवरा अमुक ठिकाणी कामाला. कौतुकानंच कुणीतरी लिहितं, "अगं तू का, ओळखलं बरं मी!" आणि दुसऱ्या दिवशी सासरी चर्चा सुरू होते की कथेतली सासू म्हणजे कोण. माझ्या ओळखीत एकीनं यामुळं अख्खी कथा डिलीट केली, अकरा भाग होते. अभिनंदन करायचंच असेल तर भेटल्यावर हळूच करा.

दुसरं, सीमाप्रश्न कथेच्या खाली आणू नका. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी आहे, आपण घरात बेळगाव म्हणतो, लेखक जे लिहितो ते त्याच्या पात्राचं बोलणं असतं. मी अशी एक कथा बघितली जिथं पहिल्या ओळीतल्या गावाच्या नावावरून दोन बाजूंची भांडणं लागली, खाली कमेंटची रांगच रांग, आणि त्यात कथेबद्दल एकपण कमेंट नाही. कथा होती एका कुंदा करणाऱ्या म्हाताऱ्याची, दूध आटवता आटवता त्याला गेलेल्या बायकोची आठवण येते, इतका सुंदर भाग आणि एकानंही कढईपर्यंत वाचलं नव्हतं. मतं असू देत, मलापण आहेत, पण ती दुसरीकडं मांडा.

बायकांच्या कथेखाली "तुमचा स्वतःचा अनुभव का?", नंबर द्या, फोटो टाका, हे तर नकोच. आणि पूर्ण भाग कॉपी करून नाव काढून ग्रुपवर फिरवू नका, लिंक द्या.

पायरी ६: भाग लांबला तर, आणि कथा वळवायचा मोह

हरी नारायण आपट्यांनी १८९० ला करमणूक साप्ताहिक सुरू केलं आणि कादंबऱ्या क्रमशः छापल्या, तेव्हा वाचकाचं पत्र टपालानं पोचायला दिवस जायचे. आता भाग टाकल्यावर पाचव्या मिनिटाला "पुढचा कधी?" येतं. लिहिणारा पगार घेऊन लिहीत नाही. नट्टीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत खानापूरकडची माणसं दिवसभर चिखलात असतात, परीक्षा असतात, घरात आजारपण असतं. उशीर झाला तर एकदा लिहा, "घाई नाही, वाचायला आहोत," आणि खाली आधीच्या भागातली एक आठवण, "छत्री अजून चुलीजवळच आहे ना?" यानं आठवण पण होते आणि दडपण पण येत नाही.

वळवायचं म्हणजे "दोघांचं लग्न लावा", "त्या नणंदेला धडा शिकवा", "हिरोला मारू नका प्लीज". प्रेमानंच लिहितात सगळे, पण नवीन लेखक ऐकतो हो. मी एक चांगली चाललेली कथा अशी बिघडताना बघितलीय, प्रत्येक भागात मागच्या कमेंटची मागणी पूर्ण होत गेली आणि शेवटी कुठलंच पात्र स्वतःच्या स्वभावानं वागेना. तुम्हाला भीती वाटते तर भीती सांगा, "तिचं आता काय होणार म्हणून पोटात गोळा आला." मागणी करू नका. आणि रहस्यकथा असेल आणि तुम्हाला खुनी ओळखता आला असेल तर नाव न लिहिता "मला एकावर संशय आहे, सहाव्या भागातल्या फोनवरून" एवढंच लिहा, बाकीच्यांची मजा राहते आणि लेखकाला कळतं की धागा दिसायलाय.

पायरी ७: आवडलंच नाही तर

एक भाग आवडला नाही तर गप्प बसा, पुढचे दोन वाचा. तीन भाग सलग नाही आवडले आणि लेखकानं वर "चुका सांगा" लिहिलेलं असेल तर स्पष्ट सांगा, गोल गोल नको. "कंटाळा आला" म्हणण्यापेक्षा, "पाचव्या भागापासून तीन भाग ती फक्त खिडकीत बसून विचार करते, मला तिला काहीतरी करताना बघायचं होतं, सातवा मी अर्ध्यात सोडला." झोंबेल, पण खडूचा गोल नेमका आहे. लेखकानं विचारलेलंच नसेल आणि पहिलीच कथा असेल तर निमूट निघून जा, तेवढ्यानं कुणाचं काही बिघडत नाही.

लिहिणाऱ्यांसाठी

भागाच्या शेवटी "कसा वाटला?" विचारलं की "छान"च येणार. नेमका प्रश्न विचारा, दिराचा राग पटला का, बाजारातला प्रसंग लांबला का. एकानं तक्रार केली तर वहीत लिहून ठेवा, तिघांनी एकाच जागेवर बोट ठेवलं तर तिथं खरंच काहीतरी आहे. पण अडचण वाचकाची ऐका आणि उपाय तुमचा करा. शक्य असेल तर चार-पाच भाग पुढचे लिहून ठेवूनच पहिला टाका, म्हणजे कमेंट वाचून लगेच हात वळत नाही. वाद घालू नका, शिवी असेल तर उडवा, ब्लॉक करा, आणि उत्तर द्यायला वेळ नसेल तर ज्यानं मन लावून लिहिलंय त्याला आधी द्या.

शेवटचा भाग आल्यावर

बहुतेक सगळे "संपली? अरेरे" लिहून जातात. मला वाटतं सगळ्यात जास्त वेळ इथं द्यावा. एका रविवारी कथा पहिल्यापासून सलग वाचा, कारण आठवड्याला एक भाग वाचताना जे लांबलेलं वाटलं ते सलग वाचताना बरोबर बसतं आणि कधी उलटंपण होतं, प्रत्येक भागाच्या शेवटी धक्का दिलेला असतो तो सलग वाचताना फार होतो. मग लिहा की कुठला भाग राहिला मनात, कुठलं पात्र मधेच हरवलं, शेवट आधी पेरलेला वाटला का वरून आणून चिकटवलेला.

त्या मुलीचा आठवा भाग दिवाळीच्या नंतर आला. कथा माघ महिन्यात संपली, एकूण चौदा भाग. मी रविवारी सकाळी वाचायला बसलो आणि दुपारी लिहिलं, "चौदाव्या भागात सासू स्वतः ती छत्री उघडून पावसात दिराला शोधायला जाते, म्हणजे तिनं चौथ्या भागातच बघितलेलं होतं, मी विचारलेलं त्याचं उत्तर मिळालं. सासूच्या माहेरच्या मामाचं मात्र पुढं काहीच झालं नाही, तो जमिनीचे कागद घेऊन गेलेला, ते कागद कुठं गेले?" तिचा रिप्लाय आला, "अय्या, मामाला मी विसरलेच की. थांबा, बघते."